मुख्य सर्व्हरचा दोन दिवसांचा अबोला

सोलापूर, गुरुवार

आदरणीय नागनाथ मामा,
सविनय जय भीम.

मामींच्या गुडघ्याला आता उतार असेल अशी आशा करतो. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं तरी तुम्ही दुसऱ्या डोळ्याच्या तक्रारी सांगत फिरताय, असं तुमची धम्मप्रिया म्हणाली, म्हणून अक्षर मोठं काढलंय. फोन करायचा सोडून पत्र का, असं तुम्हाला वाटेल. फोनवर तुम्ही "थोडक्यात सांग" म्हणाला असता, आणि ही हकिकत थोडक्यात सांगितली की मी फार वाईट दिसतो. सविस्तर सांगितली तर जरा बरा दिसेन, असा माझा अंदाज आहे.

तुम्हाला ठाऊक आहेच, चिंचोळी एमआयडीसीतल्या टॉवेलच्या कारखान्यात मी स्टोअरचा क्लार्क. दोन वर्षांपूर्वी प्रिंटरमध्ये अडकलेला कागद मी चारचौघांसमोर ओढून काढला, तेव्हापासून मला 'सिस्टिम बघणारे' म्हणतात. (तो कागद अडकवलाही मीच होता, पण ते कुणी विचारलं नाही.) मग कारखान्यात नवीन सॉफ्टवेअर आलं. सुताची आवक, रंगाचं प्रमाण, मालाची रवानगी, सगळी माहिती एकाच मोठ्या कॉम्प्युटरात, म्हणजे सर्व्हरमध्ये. बाकीचे चौदा कॉम्प्युटर त्याला विचारूनच पाणी पितात. तुमच्या टेलिफोन एक्स्चेंजसारखंच समजा की.

त्यातली सगळ्यात मोलाची चीज म्हणजे मडिवाळप्पांचे रंग. हे आमचे रंगखात्याचे मास्तर, अक्कलकोटकडचे. अडतीस वर्षांच्या शेड त्यांनी अकरा वह्यांत लिहून ठेवल्या होत्या, निम्मं कन्नड, निम्मं मराठी, आणि मध्येमध्ये 'पावसाळ्यात थोडं कमी' असले शेरे. ते सर्व्हरमध्ये भरायला पॅकिंगमधून दानेश्वरीला वर आणलं, कारण तिला दोन्ही भाषा वाचता येतात. (तुमच्या वळसंगच्या चनबसप्पांची मुलगी. इथं भवानी पेठेत मावशीकडे राहते.) चार महिने मास्तरांशेजारी बसून तिनं चारशे बारा शेड भरल्या. 'थोडं म्हणजे किती' या एका प्रश्नावर दोघांची अकरा दिवस वादावादी चालली होती. शेवटी मास्तर हरले आणि खूश झाले. पोरीनं त्यांना आयुष्यात पहिल्यांदा नेमकं बोलायला लावलं होतं.

तर सोमवारी सकाळी चौदाच्या चौदा पडद्यांवर एकच पाटी: सर्व्हरशी संपर्क होत नाही. जाणकार माणसं करतात ते सगळं मी केलं. बंद करून चालू केलं. वायरी काढून पुसून परत खोचल्या. पुण्याला सॉफ्टवेअरवाल्या कंपनीच्या इंजिनियरला फोन लावला. त्यानं पासवर्ड तपासायला लावला, फायरवॉल उघडायला लावली, डेटाबेस चालू आहे का ते बघायला लावलं. सगळं ठीक. गंमत म्हणजे खुद्द सर्व्हरसमोर बसलं की चारशे बारा शेड जशाच्या तशा दिसत होत्या. घरात माणूस आहे, दिवा लागलाय, आणि बाहेरून हाक मारली तर ओ नाही!

मग दिवसभर माझ्या केबिनबाहेर रांग. जो तो येऊन सर्व्हरवरनं आकडे चिठ्ठीवर उतरवून न्यायचा. मडिवाळप्पाही आले. चप्पल बाहेर काढून आत शिरले आणि म्हणाले, "माझं डोस्कं तुमी ह्या डब्यात ठिवलंय. आता माझ्याच डोस्क्यातलं मला लिवून न्यावं लागतंय व्हय?" मी हसलो. ते हसले नाहीत.

दुपारी चिठ्ठीवरचा एक आकडा रंगखात्यात चुकीचा वाचला गेला आणि एका हॉटेलच्या आकाशी टॉवेलांचा अख्खा लॉट पोपटी निघाला. आता दोष कुणाच्या तरी माथी मारणं भागच होतं. आमचे मॅनेजर हृषीकेश साहेब, त्यांनी विचारलं, शनिवारी शेवटी कॉम्प्युटरवर कोण होतं? दानेश्वरी होती. ती म्हणाली, "मी फक्त एक शेड भरली सर. तेव्हा सगळं नीट चालू होतं." आणि तिनं माझ्याकडं बघितलं, कारण यातलं कळणारा तिथं मी एकटाच. मी म्हणालो, "बघावं लागेल." मामा, याहून भित्रे दोन शब्द मराठीत नसतील. तासाभरात तिला परत पॅकिंगला धाडलं.

मंगळवारी इंजिनियरनं फोनवरून मला दुसऱ्या कॉम्प्युटरवर बसवलं. आधी सर्व्हरला त्याच्या नंबरानं हाक मारायला लावली. त्यानं लगेच ओ दिली. मग नावानं. गप्प. इंजिनियर म्हणाला, "सर, सर्व्हरचं नाव कुणी बदललंय का हो?"

मीच बदललं होतं. या आठवड्यात मुंबईहून मोठे साहेब येणार होते. सर्व्हरचं मूळ नाव म्हणजे आकडे आणि अक्षरं यांची खिचडी. शनिवारी दुपारी जेवण झाल्यावर मला वाटलं, पाहुण्यांना पडद्यावर काहीतरी भारदस्त दिसावं. म्हणून मी ते नाव पुसून टाकलं आणि माझ्याच नावानं 'रत्नदीप-मुख्य' असं ठेवलं. (हसू नका.) मशीन म्हणालं, नवीन नाव पुढच्या वेळी चालू झाल्यावर लागेल. मी बरं म्हणालो आणि विसरलो. रविवारी सुट्टी, त्यात एमआयडीसीची लाइट गेली, सर्व्हर बंद पडून पुन्हा चालू झाला आणि सोमवारपासून तो नव्या नावानं बसला. चौदा कॉम्प्युटर बिचारे जुन्याच नावानं हाका मारत होते.

इंजिनियरला मी "बघतो" म्हणालो, जेवणाच्या सुट्टीत जुनं नाव परत ठेवलं आणि सर्व्हर पुन्हा चालू केला. चौदा पडदे उजळले. साहेबांनी टाळ्या वाजवल्या, "अखेर रत्नदीपनंच शोधून काढलं!" आणि त्या टाळ्या मी घेतल्या. काचेपलीकडे दानेश्वरी टॉवेलांच्या घड्या घालत होती. तिनं मान वर केली नाही. संध्याकाळी तसाच घरी निघालो. बसमध्ये शेजारच्या माणसानं तब्येत बरी आहे ना, असं विचारलं.

काल सकाळी साहेबांना सगळं सांगितलं. वाटलं होतं, चिडतील. ते हसले! म्हणाले, "जाऊ द्या हो, चालू झालं ना?" मी विचारलं, मग दानेश्वरीचं? तर म्हणाले, "तिची कुठं तक्रार आहे?" मामा, ओरडले असते तर सोपं गेलं असतं. मी जागेवर येऊन एक पानभर कबुली लिहिली, नावापुढं 'मुख्य' कसं लागलं तेही लिहिलं, सही केली, एक प्रत साहेबांच्या टेबलावर ठेवली आणि दुसरी नोटीस बोर्डावर लावली. संध्याकाळपर्यंत अख्ख्या कारखान्यानं वाचली. आज सकाळी दानेश्वरी आपल्या खुर्चीवर परत आली. माझ्याशी एकच वाक्य बोलली, "सर, पुढं काही बदलायचं असलं तर आधी आम्हाला सांगत जावा." मडिवाळप्पा चहाच्या वेळी माझ्याजवळचं आपलं स्टूल उचलून तिच्या टेबलापाशी जाऊन बसले.

एवढंच कळवायचं होतं. मामींना जय भीम सांगा.

तुमचा भाचा,
रत्नदीप

ता.क. एवढंच कळवायचं नव्हतं. पोरीनं कंपनीचं मशीन बिघडवलं, ही बातमी मावशीच्या फोननं सोमवारीच वळसंगला पोचली. चनबसप्पांनी तिला रविवारी सामान घेऊन घरी यायला सांगितलंय, नोकरी बास झाली म्हणून. तिनं खरं काय ते सांगितलं, पण बापाला वाटतं, पोरगी नोकरीसाठी रचून सांगतेय. तुम्ही दोघं रोज स्टँडवरच्या बाकावर बसता. तेवढं त्यांच्याशी बोला. रविवारी मी स्वतः येतो, पण त्याआधी त्यांना कळलेलं असावं. (ते रागीट आहेत म्हणतात. किती, ते कळवा.)

ता.क. २. वर 'कारखान्यातल्या कुणाची तरी चूक झाली, असं मोघम सांगा' ही ओळ लिहून खोडली आहे. तुमच्या चांगल्या डोळ्याला ती दिसेलच. मोघम सांगू नका. तुमच्या भाच्यानं केलं, असंच सांगा.

ता.क. ३. उद्या मडिवाळप्पा सुट्टीवर गावाकडं निघालेत, वळसंगला उतरून ते पत्र तुमच्या हातात देतील. पाकीट बंद करण्याआधी मी ते दानेश्वरीला वाचायला दिलं. तिनं सावकाश सगळं वाचलं, शनिवारी भरलेल्या चारशे बाराव्या शेडवर मास्तरांशी काहीतरी खल केला, आणि माझंच पेन घेऊन खाली वडिलांसाठी कन्नडमध्ये एक ओळ लिहिली. मला कन्नड येत नाही. मास्तरांना विचारलं, तर त्यांनी ती ओळ दोनदा वाचली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले आणि रंगखात्यात निघून गेले. तुम्हाला कन्नड वाचता येतं, चनबसप्पांना तेवढी वाचून दाखवा. काय लिहिलंय ते मला कळवू नका. किंवा कळवा.