फुकटचा नकाशा, विकतचा नकाशा

२ फेब्रुवारी, रविवार

जीपीएस आला! हातात धरायचा, खऱ्याखुऱ्या बटणांचा, पाण्यात पडला तरी चालतो असा. बाल्कनीत नेऊन ऑन केला. सॅटेलाइट पटापट सापडले. स्क्रीनवर एक रेघ, तो हायवे. एक टिंब, तो मी. बाकी सगळं पांढरं.

मग कळलं, मशीनबरोबर नकाशा येतच नाही. तो वेगळा टाकायचा. ऑप्शन दोन. कंपनीचा, विकतचा. नाहीतर जगभरातल्या हौशी लोकांनी मिळून काढलेला, फुकटचा.

प्लॅन: पंधरा दिवसांत मॅप फायनल. महिनाअखेर तळ्यावर. आई, बाबा, ताई, मी. लहानपणी जायचो तसे, चालत. जुनी वाट आता राहिली नाही म्हणतात, म्हणून तर जीपीएस.

बाबा सध्या टायरच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत राहतात. ऑफिसला जवळ पडतं. टेंपररी आहे.

४ फेब्रुवारी

आईला मशीन दाखवलं. म्हणाली, हा कशाचा रिमोट? समजावलं. म्हणाली, मग फोनमध्ये असतं ते काय असतं? मी म्हणालो, फोनची रेंज जाते. ती म्हणाली, तू कुठे जातोस पण रेंज जाईपर्यंत? घर ते ऑफिस, ऑफिस ते घर.

इग्नोर केलं. पण मॅपचं विचारलं तर एका सेकंदात उत्तर: विकतचा घे. फुकटच्या वस्तूला कोणी वाली नसतो. चुकलं तर भांडायचं कोणाशी?

पॉइंट आहे.

६ फेब्रुवारी

ऑफिस सुटल्यावर बाबांकडे. एकच खुर्ची आहे, म्हणून मी पलंगावर. कपही एकच, म्हणून मला चहा वाटीतून. खालून टायरचे नट काढायच्या मशीनचा घर्रर्र आवाज येतो. तो आला की बाबा बोलायचे थांबतात, गेला की तिथूनच पुढे सुरू. सवय झालेली दिसते.

चष्मा कपाळावर ढकलून मशीन नीट बघितलं. म्हणाले, फुकटचं ते पौष्टिक. मग सीरियसली म्हणाले, लोकांनी स्वतः पायी फिरून काढलाय ना? मग तोच खरा. पगारी माणूस एसीत बसून काढणार.

मग म्हणाले, आई काय म्हणते?

स्वतःहून विचारलं. मी विषय काढला नव्हता.

७ फेब्रुवारी

आईला बाबांचं मत सांगितलं. ती इस्त्री करत होती. इस्त्री थांबली. म्हणाली, त्यांना म्हणावं, स्कूटरवर फुकट मिळालेलं हेल्मेट आठवतंय का? महिन्यात काच गळून पडली.

लगेच बाबांना फोन. ते हसले. म्हणाले, काच पडली, पण डोकं शाबूत आहे म्हणावं.

आईला सांगितलं. शाबूत? एवढंच म्हणाली आणि ओट्याकडे तोंड करून उभी राहिली. खांदे हलत होते. हसत होती. शंभर टक्के.

कन्क्लूजन: दोघं बोलायला लागलेत. मध्ये मी आहे, पण मध्ये तर सॅटेलाइटही असतोच.

९ फेब्रुवारी, रविवार

निर्णय: मॅपचा निर्णय घाईने घ्यायचा नाही.

प्रॉपर टेस्टिंग. विकतच्याची ट्रायल आणि फुकटचा, दोन्ही कार्डावर टाकले. दोन्ही घेऊन गल्ल्या फिरलो. विकतच्या मॅपवर बाबांच्या बिल्डिंगच्या जागी अजून पेट्रोल पंप आहे. तो बंद होऊन जमाना झाला. फुकटच्या मॅपवर बागेतलं प्रत्येक बाकडं आहे, कचऱ्याचे डबेसुद्धा, पण आमची अख्खी सोसायटी गायब. त्या जागी हिरवळ.

नर्सिंग होमच्या गेटसमोर तीनदा गोल फिरलो. सिक्युरिटीवाला म्हणाला, साहेब, काय हरवलंय? मी म्हणालो, आपण नक्की कुठे आहोत ते बघतोय. तो म्हणाला, तुम्ही माझ्या बॅरियरवर आहात, गाडी यायचीय, सरका.

११ फेब्रुवारी

टेस्ट रिपोर्ट दोन्हीकडे पोचवला. आई म्हणाली, होता ना तिथे पंप, खोटं काय दाखवलं त्यांनी? बाबा म्हणाले, जो माणूस बाकडी मोजतो तो मनापासून काम करतो, सोसायटीचं काय एवढं. आई म्हणाली, वा, घर नसलं तरी चालेल, बाकडं पाहिजे. बाबांना हे तसंच सांगितलं. तिकडून बराच वेळ घर्रर्र आवाज. मग म्हणाले, बरोबर आहे तिचं.

हा पॉइंट आईला. टोटल बरोबरीत.

ताईचा फोन. काय कोलंबस, जमीन दिसली का? मग आवाज बदलून म्हणाली, आई बोलली का रे तुझ्याशी? मी म्हणालो, रोज बोलतो, मॅपवर. ताई गप्प. मग म्हणाली, बरं, तिलाच बोलू दे.

ताईकडे नेटवर्कचा प्रॉब्लेम असतो. फोनचं हे असं.

१४ फेब्रुवारी

ब्रेकथ्रू!!

आई बाल्कनीत दार लावून फोनवर होती. मी सॅटेलाइट चेक करायला तिकडेच चाललो होतो. काचेतून स्पष्ट ऐकू आलं. अहो, असं कसं? अहो, ते आमचं दोघांचं ठरलंय. बरं, तुम्ही म्हणाल तसं.

अहो! जानेवारीपासून आईच्या तोंडी 'तुझे बाबा' आणि 'त्यांना'. आज डायरेक्ट अहो. आई दुसऱ्या कोणाला अहो म्हणणार?

तळ्याची तारीख मार्चवर ढकलली. मॅपची चर्चा एवढी चांगली चालू असताना मध्येच फायनल करणं बरोबर नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार

सकाळी तिघं जण घरी आले. एक फाइलवाला, आणि एक जोडपं. जोडप्याने टेपने हॉल मोजला, खिडक्या मोजल्या, नळ सोडून बघितला. आई फाइलवाल्याला म्हणाली, अहो, चहा टाकू का?

पेंटिंग करायचं असणार. विचारलं नाही. विचारायची गरज वाटली नाही.

बाई माझ्या खोलीत आल्या. मी कपाटाला टेकून कॉन्टूर लाइन्स बघत होतो. म्हणाल्या, हे इथेच राहणार का? मी म्हणालो, हो, सध्या तरी इथेच, ऑफिस बसने वीस मिनिटांवर आहे. त्या म्हणाल्या, कपाट.

पेंटर हल्ली बायकोलाही बरोबर आणतात.

बाबांना फोन केला, घर रंगवतोय म्हणालो, कुठला रंग द्यायचा? ते म्हणाले, हं. मग म्हणाले, आईला विचार.

रंगाचा पूर्ण अधिकार आईला दिला. पूर्वी एका पडद्यावरून आठवडाभर चालायचं.

१८ फेब्रुवारी

ऑफिसमध्ये आमच्या सेक्शन हेडने मॅपची तुलना बघितली. इन्शुरन्स क्लेमच्याच शीटमध्ये दुसऱ्या पानावर केली होती. म्हणाले, हा कोणता क्लेम? मी म्हणालो, पर्सनल. ते म्हणाले, सेटल कर लवकर.

२० फेब्रुवारी

प्रॉब्लेम. संध्याकाळी आईला फुकटच्या मॅपमधले नवे तीन मुद्दे सांगायला गेलो तर म्हणाली, घे रे आता कुठलाही.

कुठलाही म्हणजे? आत्तापर्यंत विकतचाच म्हणत होतीस. म्हणाली, दमले मी.

विषय गार पडून चालणार नाही. मग जरा मदत केली. म्हणालो, बाबा म्हणतात की विकतचे मॅप बावळट लोक घेतात. (बाबा असं म्हणालेले नाहीत. पण त्यांच्या बोलण्याचा एकूण रोख तोच.)

आईने माझ्याकडे बघितलं. असं म्हणाले? मी म्हणालो, हो. ती म्हणाली, बरं.

भडका उडायला हवा होता. उद्या उडेल.

२१ फेब्रुवारी

लंच टाइममध्ये बाबांचा फोन. मी बावळट वगैरे कधी म्हणालो रे?

सॉरी म्हणालो. फोन ठेवल्यावर ट्यूब पेटली. बाबांना कळलं कसं? मी तर सांगितलं नाही. म्हणजे आईने सांगितलं. म्हणजे डायरेक्ट. सॅटेलाइटशिवाय!!

संध्याकाळी आईला सहज विचारलं, हल्ली बाबांशी बोलणं होतं का? म्हणाली, होतं की, रोजच. ते रविवारी येतायत. ताईपण येतेय. तू घरी थांब, कुठे उन्हात मशीन घेऊन फिरू नकोस.

चौघं. एका खोलीत. मॅप फायनल करायला यापेक्षा चांगला दिवस नाही. प्रेझेंटेशन बनवतोय. शेवटची स्लाइड तळ्याची.

२३ फेब्रुवारी, रविवार

बाबांनी बेल वाजवली. किल्ली आहे त्यांच्याकडे, तरी बेल वाजवली. दाराजवळच्या खुर्चीत बसले, जिथे कुरियरवाला सही होईपर्यंत बसतो. आईने ट्रेमधून पाणी दिलं. ते थँक्स म्हणाले.

मी लॅपटॉप उघडला. पहिली स्लाइड दाखवली. बाबांनी हात लांब करून झाकण हळूच खाली केलं. म्हणाले, राहू दे, ते ठरलंय.

खिशातून एक कागद काढला. त्यावर कोड. विकतचा मॅप, फुल व्हर्जन. म्हणाले, आम्ही दोघांनी मिळून घेतला तुला. तुझी आई म्हणत होती तेच बरोबर.

आई म्हणाली, तसा फुकटचाही काही वाईट नव्हता.

मग बाबांनी सांगितलं. घर दिलं. त्या जोडप्याला. पुढच्या महिन्यात ताबा. आई ताईकडे राहणार. बाबा आहेत तिथेच. दोघांनी शांतपणे ठरवलंय, भांडण नाही, काही नाही. तू आता कमावतोस, ऑफिसजवळ एखादी खोली बघ, आम्ही दोघंही मदत करू.

तिघं माझ्याकडे बघत होते. आई म्हणाली, अरे बोल की काहीतरी.

मी विचारलं, याच्यात लाइफटाइम अपडेट्स आहेत का?

बाबा म्हणाले, असावेत. विचारून सांगतो.

नंतर ताई स्वयंपाकघरात आली. मी ग्लास विसळत होतो. म्हणाली, तुला खरंच कळलं नव्हतं? मी म्हणालो, आई फोनवर अहो म्हणत होती. स्वतः ऐकलं. ताई म्हणाली, मग घराच्या एजंटला काय अरे म्हणेल?

आणि माझ्या हातातून ग्लास घेतला. म्हणाली, झाला तो स्वच्छ. कधीचा विसळतोयस.

२४ फेब्रुवारी

मॅप इन्स्टॉल. कोड पहिल्या फटक्यात चालला. क्वालिटी अप्रतिम. तळं आहे. तिथे जायला रस्ताही आहे, गाडीचा. कधी जायचं, विचारलं. आई म्हणाली, बाबांना विचार. बाबा म्हणाले, जाऊ की कधीतरी.

अपडेट्स लाइफटाइम आहेत. बाबांनी आठवणीने विचारून कळवलं.

२६ फेब्रुवारी

कपाट राहणार आहे. ठरलं. आतलं सामान काढलं.

बाकी काही विशेष नाही.

१ मार्च

मॅपचा विषय संपला. आता बूट बघायला हवेत. लेदरचे की कापडी? बाबा कापडी म्हणतील, आई लेदरचे. दोन्ही बाजूंनी बोलण्यासारखं बरंच आहे. हे व्यवस्थित केलं तर महिनाभर सहज चालेल.

आईला विचारलं. ती पेपरमध्ये कप गुंडाळत होती. म्हणाली, तुला आवडतील ते घे.

बाबांना फोन केला. खाली मशीन चालू होतं, दोनदा विचारावं लागलं. म्हणाले, तुला आवडतील ते घे.

आईला सांगितलं, बाबापण तेच म्हणतात.

आई म्हणाली, बरं.