टीव्हीवरून काढलेली दृष्ट

एर्लांगेन, शनिवार

अहो तनयाचे आजोबा,

पाया पडते. मी बरी आहे, गुडघ्याचं विचारू नका.

नात जर्मनमध्येच उत्तर देते, मला परत बोलवा, असं रडत लिहिलं होतं ना? ते विसरा.

आम्ही दोघी टीव्हीवर इथली गाण्याची स्पर्धा बघतो. भाषा कळत नाही, बेसूर कळतं. मागच्या वेळी तिचा लाडका कुरळ्या केसांचा पोरगा बाहेर जायच्या बेतात होता. मी मीठमोहरी आणून टीव्हीवरूनच त्याची दृष्ट काढली. सून हसली, "आई, तो तिकडे कोलोनला आहे." असेना. पोरगा राहिला.

तनया गळ्यात पडली. "आजी, पुढच्या शनिवारी पण काढ." मराठीत, अहो.

आज परत काढायची आहे. फायनलपर्यंत मी हलत नाही, तिकीट पुढे ढकला. गोळ्या वेळेवर घेताय ना?

तुमची,
कुमुद