एक जादा अनुस्वार

ती. मामांना,

गुडघे वाकू देतील तेवढा वाकून नमस्कार. तुमचा खोकला कसा आहे? मामी अजून विड्या लपवतात का? (जागा मला माहीत आहे, पण सांगणार नाही.) इकडे सगळं ठीक. छापखाना बंद पडून सात महिने झाले तरी आमचं अजून कुणाशी वाजलेलं नाही, एक घरमालक सोडला तर.

तर भत्त्याचं सांगतो. समाजकल्याणच्या कचेरीत बेकारभत्त्याचा फॉर्म आणायला गेलो. बावीस वर्षं मुद्रितं तपासल्यावर माणसाला कुठलाही कागद नुसता वाचता येत नाही. फॉर्मवर चक्क ‘अल्पसंख्यांक’ छापलेलं. अहो, ‘ख्या’वर अनुस्वार! माझा हात आवरेना. लाल पेनाने त्या शब्दाला गोल केला, समासात खूण केली आणि मोठ्या समाधानाने फॉर्म खिडकीत सरकवला. खिडकीतल्या बाईंनी गोल पाहिला आणि मला अल्पसंख्याक करून टाकलं. दारावर अल्पसंख्याकांची वेगळी यादी लागली, त्यात बारावा मी. तक्रार करायला निघालोच होतो, पण आपल्या यादीत माझ्यापुढे अठरा हजार माणसं आणि इथे फक्त अकरा. मामा, खोटं कशाला बोलू, गुपचूप घरी आलो.

त्याच आठवड्यात ‘हे लोक आपला भत्ता खातात’ म्हणून मोर्चा निघाला. मीही गेलो. (बेकार माणसाला मोर्चा बरा. चहा मिळतो, आणि ‘सध्या काय करता?’ असं कुणी विचारत नाही.) पुढारी यादीतलं एकेक नाव वाचत होते आणि आम्ही ‘हाकला!’ म्हणत होतो. बाराव्या नावाला सगळ्यात मोठा आवाज माझा होता. शेजारचा माझ्याकडे टकामका बघायला लागला तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

संध्याकाळी घरमालक आले. “तुम्ही कधी बोलला नाहीत हो. आमचं काही नाही, पण बाकीचे भाडेकरू...” एवढं म्हणून त्यांनी खोली सोडायला एक तारखेपर्यंत मुदत दिली. तुमच्या सूनबाईंनी त्याच रात्री भांडी बांधायला काढली. आला तो फक्त आमच्या छापखान्यातला मशीनमन, यादीतला चौथा, आणि तो खराच त्यांच्यातला. हसत म्हणाला, “या, बसा आमच्यात. मी सहा महिने आहे यादीत, भत्ता अजून बघितला नाही.” मग आम्ही मोर्चात कशासाठी घसा फोडत होतो, हे त्याला विचारायची मला लाज वाटली. पुढचे पाच दिवस तो माझ्याबरोबर खोल्या शोधत फिरला. कुठल्या जिन्याला पाय लावायचा नाही, हे त्याला तोंडपाठ होतं.

मामींना नमस्कार. काळजी नसावी.

तुमचा,
भाचा

ता. क. माझी चूक दुरुस्त झाली. कचेरीने तसं पत्र दिलं. घरमालकांनी वर येऊन हात जोडले आणि नळसुद्धा बदलून दिला.

आणखी एक ता. क. मोर्चानंतर मशीनमनच्या घरमालकानेही ती यादी वाचली. त्यालाही एक तारखेलाच निघायचंय. त्याला कचेरी पत्र देत नाही, कारण त्याच्या बाबतीत चूक झालेलीच नाही. तुमची मागची खोली रिकामी आहे. भाडेकरू आपल्यातलाच हवा, असं तुमचं म्हणणं. बावीस वर्षं आम्ही एका डब्यातलं जेवलो, आता याहून आपल्यातला मी कुठून आणू? तुमच्या वतीने मी हो म्हणून टाकलंय. रविवारी तो, त्याची बायको आणि दोन मुली सामान घेऊन पोचतील. मामींना मागच्या आठवड्यातच कळवलं होतं, त्यांनी खोली झाडूनही ठेवली आहे. सांगायचे तेवढे तुम्हीच राहिला होतात.