तीन नावांची एक मुलगी

तीर्थस्वरूप मावशीस,

साष्टांग नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? काकांचा खोकला? आणि नातू पावलं टाकायला लागला का? (हा शेवटचा प्रश्न चौकशीपुरता नाही, पण पत्र अर्ध्यावर फाडू नकोस.)

मी बरी आहे असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते, खरं तर बरी नाही. माझं काम तुला ठाऊक आहेच, मुलांच्या मेंदूचे नि नसांचे दुर्मिळ आजार नोंदवायची वही सांभाळणं. दवाखाने, पाळणाघरं, व्यायाम शिकवणाऱ्या बाई, सगळीकडून नावं गोळा करायची. आपल्या भागातलं एकही मूल सुटता कामा नये आणि कुणी दोनदा येता कामा नये. (तीनदाबद्दल कुणी बोललं नव्हतं.)

तर लाखात एखादीला होणारा आजार एकाच गल्लीत तीन मुलींना झालाय, असं मी मोठ्या डॉक्टरीणबाईंना कळवलं. मग काय विचारतेस. दुसऱ्या दिवशी पाणी तपासणारे बाटल्या घेऊन हजर, नळ बंद, आणि शेजारीपाजारी आपापली पोरं उलटीपालटी करून बघताहेत. मी ऐटीत घरं शोधायला निघाले. एक पत्ता घर नंबर सातचा, दुसरा 'शिंप्याच्या वर', तिसरा 'निळं दार'. सात नंबरचं घर शिंप्याच्या वर होतं आणि त्याचं दार निळं होतं. दवाखान्यातलं भारदस्त नाव, पाळणाघरातली ठमी आणि व्यायामाच्या बाईंची राणी, तिघी मिळून एकच मुलगी. जन्मतारखा मात्र तीन (एक आईने सांगितलेली, एक आजीने, एक मी घाईत लिहिलेली). मुलीने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग आता व्यायाम तीनदा करायचा का?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

नळ सुरू झाले, पण माझी धास्ती जात नाही. जास्तीचं नाव खोडता येतं. सुटलेलं मूल मात्र आपण होऊन हाक मारत नाही.

तुझी भाची

ता. क. सुटलेलं एक मूल मला माहीत आहे. अडीच वर्षांचा आहे, बसवला की कलंडतो, आणि "आमच्याकडे सगळे उशिराच चालतात" म्हणत त्याची आजी डॉक्टरांचा विषय निघाला की चहा टाकायला उठते. मावशी, मला फार भीती वाटते गं. सोमवारी गाडी घेऊन येते. नुसतं दाखवू या. वहीचं नंतर बघू, कदाचित लागणारही नाही.

दुसरा ता. क. सोबत दवाखान्याचा कागद आहे, तेवढं त्याचं नाव भरून ठेव. एवढी नोंदी ठेवणारी मी, पण मला अजून 'बाळ्या'च माहीत आहे.