भिंतीतल्या गॅसलाइनची अट

मी, ललिता गोपाळकृष्ण टिपणीस, वय वर्षे एकोणसत्तर, राहणार दहिवली, कर्जत, जिल्हा रायगड, हे मृत्युपत्र माझ्या मर्जीने आणि माझ्याच हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझ्या नणंदेला, सरोजिनीवन्संना, तो पटलेला नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. बँकेतील ठेवी मुलगा मिहीर आणि सून ऋजुता यांना निम्म्या-निम्म्या द्याव्यात. शिलाई मशीन ऋजुताला. लोणावळ्याच्या कॉन्व्हेंटमध्ये शिवणाच्या सिस्टरांनी मला बोटात घालायची एक चांदीची टोपी दिली होती, ती मशीनच्या खणात आहे. ती विकू नये. ती घातली की माझे टाके अजून सरळ पडतात.

२. पितळी घंगाळ वन्संना. ते माझ्या माहेरचे आहे असे मी लग्नापासून सांगत आले, त्या म्हणतात त्यांच्या आईचे. त्यांचे म्हणणे पटले म्हणून नव्हे, मी थकले म्हणून देत आहे.

३. ह्यांची हत्यारे मिहीरला. हे खोपोलीच्या कारखान्यात मेंटेनन्सला होते. रविवारी सगळे पाने ओटीवर मांडून तेलाच्या फडक्याने पुसत, आणि मिहीर शेजारी मांडी घालून बसे. पाने गंजू देऊ नयेत.

४. राहते घर मिहीरला. मात्र वन्सं हयात असेपर्यंत त्या इथेच राहतील. त्यांनी लग्न केले नाही, शाळेत शिकवले, आणि या घरावर माझ्याहून आधी त्यांचा जीव आहे.

घराला माझी एक अट आहे. ती का आहे हे लिहिते.

घरात सिलिंडर नको, वन्संना भीती वाटते, म्हणून ह्यांनी तो मागच्या पडवीत ठेवला आणि तिथून स्वयंपाकघरापर्यंत लोखंडी पाइप भिंतीतून आणला. दिसायला बरे दिसावे म्हणून वर प्लास्टर केले. सगळे काळजीपोटीच केले. पण आपल्याकडच्या पावसात भिंतीला ओल येते, आणि झाकलेला पाइप आतल्या आत गंजला तर कोणाला कळणार? गेल्या पावसाळ्यापासून सिलिंडर लवकर संपू लागला. वन्सं म्हणाल्या, "तू चहा फार करतेस." भिंतीच्या तळाशी कुजक्या कांद्यासारखा वास यायचा. मला वाटले, उंदीर मेला असेल. आम्ही धूप घातला. वन्संना तर आजारपणानंतर कसलाच वास येत नाही.

आमचे देव स्वयंपाकघरात, जमिनीलगत. पुढे नंदादीप. घरात आम्ही दोघीच; मिहीर आणि ऋजुता स्टेशनजवळ वेगळे राहतात. गेल्या मार्गशीर्षात मी एक रात्र खोपोलीला लग्नाला राहिले आणि सकाळी परतले. दारातच तो वास भपकन आला. थंडी म्हणून खिडक्या बंद. नंदादीप तेल संपून कधीतरी विझला होता, म्हणून घर उभे होते. आणि वन्सं देवांपुढे बसून काडेपेटी उघडत होत्या.

"वन्सं, काडी ओढू नका!"

"थांब गं. दिवा विझलाय. तुला कॉन्व्हेंटवालीला काय त्याचं?"

त्यांनी काडी बाहेर काढली. गॅस म्हटले असते तर त्यांनी वाद घातला असता. मी ओरडले, "वन्सं, सुतक आलंय!"

काडी हातातून खाली पडली. सुतकात देवांना शिवायचे नाही, दिवा लावायचा नाही. हात धरून मी त्यांना अंगणात आणले. तोवर त्या रडू लागल्या होत्या.

"कोण गेलं गं?"

"कोणी नाही. आपण दोघी जाणार होतो."

दिव्याच्या, पंख्याच्या कुठल्याच बटणाला मी हात लावला नाही. पडवीत जाऊन रेग्युलेटर बंद केला, बाहेरूनच दारे-खिडक्या ढकलून उघडल्या आणि रस्त्यावरून एजन्सीला फोन केला. त्यांचा स्वप्नील आला. घर मोकळे झाल्यावर त्याने रेग्युलेटर क्षणभर उघडून साबणाचे पाणी लावले तर देवांच्या मागच्या भेगेतून फुगे आले. "काकू, हा गॅस हवेपेक्षा जड. खालीच साचतो, तुमच्या देवांपाशी," तो म्हणाला. त्याने पाइप तोडला, सिलिंडर ओट्याशेजारी उभा केला आणि नवी नळी जोडली. वन्सं आठवडाभर माझ्याशी बोलल्या नाहीत. खोट्या सुतकाचे पाप मला लागले म्हणतात. लागू दे.

मिहीरचे म्हणणे, "आई, बाबांच्या हातची लाइन आहे. नुसता जोड बदलू, परत चालेल." माझ्या मागे तो ती चालू करील आणि वास न येणाऱ्या आत्याला तिथे एकटी ठेवून कामावर जाईल, ही माझी भीती आहे. म्हणून अट: भिंतीतला पाइप पूर्ण काढल्याशिवाय घर मिहीरचे होणार नाही. वर्षात न काढल्यास ते ऋजुताचे होईल, आणि ती त्याला पाइप काढायला लावील.

५. वरील मजकूर मी मागच्या रविवारी मिहीरला वाचायला दिला. वाचून तो रागावला. "बाबांवर विश्वास नाही तुझा?" मी म्हटले, "बाबांवर आहे रे. लोखंडावर नाही." तो तडक उठला आणि छिन्नी-हातोडी घेऊन भिंतीपाशी बसला.

"देवांवर धूळ पाडू नकोस रे मेल्या," वन्सं म्हणाल्या आणि देव स्वतः उचलून पुढच्या खोलीत घेऊन गेल्या.

प्लास्टर पडले. पाइप निघाला तो दोन तुकड्यांत. मधला भाग मिहीरच्या बोटांत भुगा झाला. त्याने तो भुगा कागदात गोळा केला. मग म्हणाला, "आत्या, देव आता पुढेच राहू देत. आणि आई नसेल तेव्हा मी रोज घरी जेवायला येईन. तोवर गॅस पेटवायचा नाही."

"मग वेळेवर ये," त्या म्हणाल्या. "मला भूक लागते."

सबब कलम चारमधील पाइपची अट मी या कलमाने रद्द करते; वन्संचे राहणे कायम. वकील म्हणाले, सगळे नव्याने लिहून काढा. मी नको म्हटले. घर मिहीरचे आहे, बिनशर्त.

हे सर्व वाचून, समजून, खालील दोघांच्या देखत मी सही केली आणि माझ्या देखत त्यांनी.

ललिता गोपाळकृष्ण टिपणीस

साक्षीदार: साईनाथ जयवंत दळवी, शेजारी
साक्षीदार: सुरभी नामदेव ठोंबरे, शिक्षिका, भिवपुरी

स्थळ: दहिवली, कर्जत
दिनांक: ९ फेब्रुवारी २०२५