एक्केचाळिसाव्या वर्षी पालक कोठून आणावा, याबाबत

दिनांक : १० जानेवारी २०२५

प्रति,
मा. प्रशासन अधिकारी,
पवनाकाठ जलतरण तलाव,
चिंचवड.

विषय : स्पर्धक बॅचमधील प्रवेश पूर्ववत करून अर्जदारास स्वतःची पालक म्हणून मान्यता मिळणेबाबत.

संदर्भ : प्रवेशाच्या खिडकीवरील कारकून मारुतरावांनी गेल्या सोमवारी दिलेला तोंडी नकार.

महोदय,

१. अर्जदार अंजली भीमराज ओव्हाळ, वय एक्केचाळीस, राहणार दापोडी, ही चाकणच्या एका कंपनीत तपासणी विभागात नोकरीस आहे. पुढील महिन्यात राज्य निवड चाचणी आहे. तिच्या खुल्या गटात वयाला वरची मर्यादा नाही. मात्र प्रवेशिकेवर तलावाचा शिक्का लागतो आणि तो स्पर्धक बॅचमध्ये नाव चालू असेल तरच मिळतो. अर्जदाराचे नाव आज चालू नाही.

२. अर्जदार पूर्वी महिला बॅचमध्ये होती. तेथे ती वेगाने पोहू लागली की जीवरक्षक शिट्टी वाजवून "ताई, जरा दमानं" म्हणत. यात त्यांचा दोष नाही, मध्येच गप्पा मारत उभ्या असलेल्या भगिनींना धक्का लागे. मग तिला प्रौढांच्या स्पर्धेत जाण्याचा सल्ला मिळाला. अर्जदार तेथेही जाऊन आली. तिच्या वयोगटात ती एकटीच होती. सुवर्णपदक मिळाले, टाळ्याही झाल्या. पदक घरी खुंटीला आहे. त्याचे तिला काही वाटत नाही.

३. स्पर्धक बॅचसाठी विचारणा केली असता प्रथम वय बसत नाही असे सांगण्यात आले. नियमावली उघडल्यावर त्यात वयाची खालची मर्यादा सापडली, वरची सापडली नाही. नियम आडवा येईना, तेव्हा फॉर्म आडवा आला. तो लहान मुलांसाठी केलेला असल्याने पालकाची संमती भरल्याशिवाय कॉम्प्युटर पुढे सरकत नाही. मारुतराव भला माणूस. त्यांनी बराच वेळ खटपट केली आणि शेवटी म्हणाले, "ताई, कुणाला तरी पालक दाखवा, त्याशिवाय ह्ये काय पुढं जायचं न्हाई." अर्जदाराचे वडील हयात नाहीत. आई भिमाबाई सत्तरीच्या पुढच्या. त्या दापोडीहून बसने आल्या, खिडकीत डोके घालून म्हणाल्या, "पोरगी माझी हाय. एक्केचाळीसची झाली म्हणून काय दुसऱ्याची झाली व्हय?" आणि त्यांनी सही केली.

४. सरावाच्या वेळी पालकाने गॅलरीत हजर राहावे, अशी अट आहे. ती आईने शेवटपर्यंत पाळली. पाण्याची त्यांना भीती होती, म्हणून त्या तलावाकडे पाठ करून पार्किंगकडे बघत बसत. इतर पालक चेष्टेने विचारत, "आजी, नातू कुठला?" आई मागे न बघता हात करून सांगत, "ती काय, टोपीवाली." टोपी सगळ्यांनाच असते.

५. डिसेंबरमध्ये आईचे निधन झाले. कंपनीत काही बदल झाला की त्याच दिवशी कळवायची अर्जदारास सवय आहे, म्हणून तिने ही माहिती स्वतः खिडकीवर दिली. जलदान विधीच्या दुसऱ्या दिवशी ती सरावास आली, तेव्हा गेटवर तिचे कार्ड चालेना. पालक मयत असल्याने प्रवेश स्थगित, असे पडद्यावर आले. "कळवलं नसतं तर कुणाला कळलं असतं का," असे मारुतराव हळहळून म्हणाले. ते खरे आहे.

६. पालक म्हणून स्वतःचेच नाव चालणार नाही, अठरा वर्षांवरील दुसरा कोणीही नातेवाईक चालेल, असे गेल्या सोमवारी सांगण्यात आले. पुनावळ्याची भाची करिष्मा एकोणीस वर्षांची आहे. "मावशी, मी करते की सही," असे ती लगेच म्हणाली. तिला पोटाखाली हात धरून तरंगायला अर्जदारानेच शिकवले. आता तिच्या परवानगीने पाण्यात उतरायचे आणि आईच्या खुर्चीवर तिला बसवायचे, याला अर्जदाराचे मन धजत नाही.

७. चाचणीत निवड होईलच, असे अर्जदाराचे म्हणणे नाही. बॅचमधील मुली तिच्या पुढे जातात. वयाने अंग जड होते हे तिला कोणी सांगायला नको, रोज कळते. पण कंपनीत कोणताही भाग माप तपासायच्या गेजमध्ये घालून पाहिल्याशिवाय बाद करत नाहीत. अर्जदारासही एकदा घालून पाहावे. घड्याळाने नाकारले तर तिची तक्रार राहणार नाही.

८. आई गेल्यापासून अर्जदार रडलेली नाही. कामावर जाते, जेवते, झोपते. कशाचेच काही वाटेनासे झाले आहे. विधी आटोपल्यावर एकदा पवनेच्या घाटावर तिने पाण्यात पाय घातले, तेव्हा थंडी वाजली. तेवढी मात्र कळली.

९. तरी अर्जदारास अर्जदाराची पालक म्हणून मान्यता द्यावी, ही विनंती. संमती तिने खाली दिली आहे. पालकावरील इतर सर्व अटी ती पाळेल. सरावाच्या वेळी गॅलरीत हजर राहण्याची अट तेवढी माफ व्हावी, कारण त्या वेळी ती पाण्यात असेल.

आपल्या उत्तराकडे डोळे लावून असलेली,
आपली नम्र

अर्जदाराची सही : अंजली भी. ओव्हाळ
पालकाची सही : अंजली भी. ओव्हाळ
अर्जदाराशी नाते : स्वतः

सोबत :
१. आईच्या मृत्यू दाखल्याची प्रत.
२. प्रवेशिका, शिक्क्याची जागा कोरी.
३. आईचे गॅलरी-कार्ड. हे जमा करण्याची सूचना असल्याने जोडले आहे. नोंद झाल्यावर ते अर्जदारास परत मिळावे. आईचा अलीकडचा फोटो तेवढाच आहे.