सहावा डाव

चंदीगड, २७ डिसेंबर १९८४

चि. हेरंबास ताईचे अनेक आशीर्वाद.

मॉस्कोत बुद्धिबळाच्या जगज्जेतेपदाचा सामना अजून चालूच आहे म्हणे. एकाने पाच डाव जिंकलेत, पण सामना संपवणारा सहावा काही केल्या हाती लागेना. आपल्या पत्रांतल्या सामन्यात तुझंही अगदी तस्संच झालंय! तू सहावा जिंकलास की मी इथली प्रयोगशाळा सोडून सांगलीच्या कॉलेजात शिकवायला यायचं, ही पैज मी विसरलेले नाही. पण डाव बरोबरीत सोडवत म्हातारी होईन, हरणार नाही.

इथे धुकं इतकं दाटलंय की सुखना तलाव कुठे संपतो ते कळत नाही. काठावर बसून तुझ्या चालींचा विचार करते. पेपरात पंजाबच्या बातम्या वाचून घाबरू नका. माझी चाल: उंट माघारी.

आईला नमस्कार सांग.
तुझी न हरणारी,
सरोजताई

सांगली, १४ जानेवारी १९८५

ती. ताईस हेरंबाचा सा. न. वि. वि.

सोबत आईचा तिळगूळ आहे. क्लबात रोज वादावादी चालते. श्रीनिवास म्हणतो, चोवीस डावांची मर्यादा घाला, बरोबरी झाली तर जुनाच विजेता राहू दे. मी म्हणतो, सहा म्हणजे सहा! कुणी हरल्याशिवाय सामना संपवणं ही निव्वळ पळवाट.

रेडिओवर पंजाब हा शब्द आला की आई हातातलं काम टाकून उभी राहते. म्हणून म्हणतो, हर एकदाची. माझा घोडा तुझ्या राजाच्या दारात आलाय.

धाकट्यावर लोभ असू दे, डावात मात्र दया नको.
हेरंब

चंदीगड, ६ फेब्रुवारी १९८५

चि. हेरंबास अनेक आशीर्वाद.

रविवारी प्रयोगशाळेतल्या नयनाबरोबर पिंजौरची बाग पाहून येताना पोलिसांनी बस थांबवून सगळ्यांना खाली उतरवलं. नुसती तपासणीच होती, काही झालं नाही. धुक्यात रांगेत उभी होते आणि समोर कृष्णेचा घाट दिसायला लागला, पायऱ्यांवर आईचं लुगडं वाळत घातलेलं. तेव्हापासून तलावावर गेले नाही. थंडी फार आहे.

माझी चाल: राजापुढचं प्यादं एक घर पुढे.

आईला यातलं काही वाचून दाखवू नकोस.
ताई

सांगली, १८ फेब्रुवारी १९८५

ती. ताईस सा. न.

राजापुढचं प्यादं उगाच हलवायचं नाही, हे मला तूच शिकवलंस. आता मी वजीर आणला की मात. पट मांडून बराच वेळ बघत बसलो. ही चूक तुझ्या हातून होणारी नाही. तुला घरी यायचंय, आणि हरल्याशिवाय कसं यायचं, एवढीच अडचण आहे ना?

मॉस्कोचा सामना परवा मध्येच बंद केला. हार नाही, जीत नाही, पुन्हा पहिल्यापासून खेळायचं. क्लबात सगळे चिडलेत. मी तर सर्वांत जास्त चिडायला हवा होतो, पण मला फार बरं वाटलं.

मी वजीर उचलत नाही. आपलाही सामना इथेच थांबला, पैज मोडली. नोकरीचं तू सावकाश ठरव. आत्ता नुसती ये.

लोभ इथे भरपूर आहे. पहिली चाल तुझी.
हेरंब